हजेरीबुकातला कोश

कोश लिहायला वही नव्हती.
निकिता बेंडकुळेच्या वडिलांनी
सातपूरच्या बंद पडलेल्या कारखान्यातून
एक कोरं हजेरीबुक आणलं, जाड पुठ्ठ्याचं.
रकाने आधीच छापलेले :
नाव. आल्याची वेळ. गेल्याची वेळ. सही.

पगारसर म्हणाले, असू देत रकाने.
नावाखाली शब्द लिहा,
आल्याखाली, तो तुम्हाला कुठे भेटला.
गेल्याखाली, काय कळायचं राहून गेलं.
सही त्याचीच, ज्यानं स्वतः पाहिलं.
ऐकीव माहितीला गैरहजर मांडा.

माझं अक्षर बरं, म्हणून मी लेखनिक.
बाकीचे हुंदडायचे, मी लिहायची.

गंज : कारखान्याच्या फाटकाचा, खालून वर चढत गेलेला.
बुरशी : शनिवारी बाकात विसरलेला डबा,
सोमवारी उघडला हर्षदनं, नाक धरून.
लव : द्राक्षाच्या मण्यावरची पांढरी भुकटी.
शबनम म्हणाली औषध, हर्षद म्हणाला मेण,
नळाखाली धरली तर पाणी मण्यावरून घरंगळत गेलं.
औषध किती, मेण किती,
ते राहून गेलं.

क्षार कुठे टाकायचा यावर दोन दिवस अबोला.
क आणि ष, म्हणजे कच्या घरातला, एक गट म्हणाला.
दुसऱ्यानं भिंतीवरचा तक्ता दाखवला :
क्षला शेवटी स्वतःची खोली आहे.
मी दोन्हीकडे लिहिलं,
एकीकडे नुसतं, ‘पाहा, शेवटी.’

मग पाणी आलं.

पुस्तकातलं शंभर अंशांना उकळायचं.
आमचं अठ्ठ्याण्णवला उकळायला लागलं
आणि तिथेच बसलं, हट्टी.
दोष आधी स्टोव्हला दिला, मग तापमापीला,
मग भूषण खैरनारच्या चष्म्याला,
मग सरळ गंगापूर धरणाला.
पातेल्यावर वाकून सगळे भांडत होते,
कुणाच्या तरी ताटलीवरून एक थेंब
उडून माझ्या पानावर पडला. मी चिडले.

हात वर करून मतं घेतली :
शंभरला एकोणतीस, अठ्ठ्याण्णवला नऊ.
सरांनी आकडे फळ्यावर मांडले, म्हणाले,
आता पाण्याला विचारा, त्याचं मत कुणाला.

दिवाळीत भूषण मावशीकडे डहाणूला गेला,
तापमापी मोज्यात गुंडाळून.
परत आला तो पळतच :
शंभराला टेकलं! तिथे, समुद्राशेजारी, टेकलं!
मग दीपाली टर्लेनं तीच तापमापी
सप्तशृंगी गडावर नेली, मामाच्या चहाच्या टपरीत.
तिथे शहाण्णवला चहा उकळून
गिऱ्हाईक पिऊनही गेलं होतं.

त्या नोंदीत मी ‘शंभर’ एका रेघेनं खोडलं.
एकाच. खालचं वाचता यावं,
असा सरांचा नियम होता.
पुढे लिहिलं : पाणी उकळतं.
कुठे, ते आधी सांगा.
तीन सह्या. भूषणची रकान्याबाहेर गेलेली.

वार्षिक परीक्षेत गाळलेली जागा आली.
मी शंभर लिहिलं.
गुण मिळाला. अजून तो कुठेतरी खुपतो.

शेवटच्या दिवशी सरांनी हजेरीबुक चाळलं,
पहिल्या पानापासून, सावकाश.
अक्षर सगळं तुझं, म्हणाले,
आणि तू एकही दिवस हजर नाहीस?

मान खाली घातली. खाली तेच पान,
एकेचाळीसावं. चिडून मी परत न पाहिलेला
तो वाळलेला थेंब.
माझी निळी शाई त्यात पसरलेली :
काठाला आकाशी, आत जांभळट,
मधोमध काहीच नाही.

पेन उघडलं.

शाई.
आली : याच पुस्तकात, पान एकेचाळीस.
गेली : एका रंगात दोन रंग
इतके दिवस गुपचूप कसे राहत होते, कळलं नाही.

सही : प्रमिला गायखे.